शिरोरेषेतल्या फटी

चहा कपात पडायच्या ऐवजी बशीत पडला, बशीतून टेबलावर आला, आणि अण्णा म्हणाले, "चष्म्याचा नंबर बदलला वाटतं." आमच्या घरातल्या दुखण्याची सुरुवात अशी झाली.

नंबर तपासला. थोडा बदलला होताच, एकसष्टाव्या वर्षी कुणाचा बदलत नाही? नवा चष्मा आला. सहा महिन्यांनी आणखी एक. मग डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतोय असं निघालं, तेही ऑपरेशन उरकलं. ऑपरेशन छान झालं. अण्णा डोळ्यांच्या डॉक्टरकडे तक्त्यावरची सगळ्यात खालची बारीक ओळ घडाघडा वाचायचे आणि घरी येऊन समोरच ठेवलेली मिठाची वाटी शोधत बसायचे. "डोळ्यापुढं तर आहे!" आई म्हणायची. तिला वाटायचं, हे मुद्दाम करतात. मला वाटायचं, रिटायर माणसाचं लक्ष लागत नाही कशात.

अण्णांचा साताऱ्यात राजवाड्यामागच्या बोळात छापखाना होता. छापखाना म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, एक ट्रेडल मशीन आणि भिंतीला टेकवलेल्या, खिळ्यांच्या म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या लाकडी केस. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, गणेशमंडळांची पावतीपुस्तकं. खिळे ते स्वतः जुळवायचे. देवनागरीच्या केसमध्ये घरं शेकड्यांनी असतात. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रा, रफार, सगळ्यांची आपापली जागा. अण्णा मान वर न करता उजव्या हाताने बरोबर तो खिळा उचलायचे. डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे खिळे ओळीने लावायच्या पट्टीत, अक्षरं उलटी आणि डोक्यावर उभी, आणि ते ती वाचत. लहानपणी मला वाटायचं, वाचता येणं म्हणजे असं उलटं वाचता येणं. आम्ही शाळेत शिकतो ते सोपं, पोरांसाठीचं. नव्वदच्या दशकात ऑफसेट आणि डीटीपी आलं, खिळे किलोवर विकले गेले, आणि अण्णा पुढची वीस वर्षं लोकांची प्रुफं वाचत राहिले.

तर हा माणूस एके दिवशी पेपर हातात घेऊन म्हणाला, "मथळा कुठाय?"

मथळा होता. आठ कॉलमी. तो त्यांना दिसत नव्हता, पण आतल्या पानावरच्या छोट्या जाहिराती ते वाचू शकत होते. मी संख्याशास्त्र शिकवते. विसंगत आकडा दिसला की माझा जीव अडकतो. ज्याचे डोळे अधू त्याला मोठं दिसतं आणि बारीक दिसत नाही. इथे उलटं चाललं होतं. म्हणून एका रविवारी मी कागदावर छोटे छोटे क काढले, ते अशा रीतीने मांडले की लांबून बघितलं की मोठा म दिसावा, आणि अण्णांपुढे धरला.

"काय आहे?"

"क. क. क. अजून क." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "किती क काढलेस गं?"

म त्यांना दिसलाच नाही. माझ्या पोटात तेव्हा जे कालवलं ते पुढे कुठल्याच रिपोर्टने कालवलं नाही.

पुण्यात एमआरआय केला. आतून बाहेर आल्यावर अण्णांची पहिली तक्रार, "ट्रेडलला तेल घातलेलं नाही यांनी." मी हसले. पुढे वाचताना कळलं की तो ठकठकाट यंत्रातल्या ग्रेडियंट कॉइल्सचा असतो. प्रचंड चुंबकाच्या आत या कॉइल्समधला प्रवाह झटक्यात सुरू-बंद होतो, त्या थरथरतात, आणि आवाज होतो. मला पुढे ज्या प्रकारच्या प्रतिमांचा नाद लागला त्या याच ग्रेडियंटच्या करामतीतून निघतात, तेव्हा अण्णांनी नकळत नेमक्या जागी कान दिला होता.

रिपोर्ट मात्र मिळमिळीत निघाला. वयानुरूप आकुंचन, पांढऱ्या द्रव्यात (मेंदूतल्या जोडणाऱ्या धाग्यांच्या भागात) किरकोळ बदल, फाझेकास श्रेणी १. ही श्रेणी १९८७ पासूनची, शून्य ते तीन; पांढऱ्या द्रव्यात दिसणारे चकचकीत ठिपके किती आणि किती मोठे, ते नजरेने जोखायची. हे ठिपके बहुतेकदा बारीक रक्तवाहिन्यांच्या दुखण्याचे, उतारवयात आणि रक्तदाबाच्या माणसांत पुष्कळांना असतात. साठीतल्या माणसाला एक म्हणजे काहीच नाही. आईने रिपोर्ट देवापुढे ठेवला.

दुसऱ्या एका मेंदूविकारतज्ज्ञांनी रिपोर्ट बाजूला सारला आणि फिल्म उजेडाला लावली. पुढचा भाग, स्मरणाचा भाग, सगळं ओलांडून ते मागे गेले. डोक्याच्या मागच्या-वरच्या बाजूला मेंदूच्या घड्यांमधल्या खाचा रुंदावल्या होत्या. त्यांनी अण्णांना घड्याळ काढायला लावलं. आकडे सगळे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसले. एकावर एक काढलेल्या वस्तूंचं चित्र दाखवलं. अण्णांना त्यात फक्त किटली सापडली. तारीख, पंतप्रधान, सकाळचा नाश्ता, सगळं बरोबर सांगितलं. मग डॉक्टरांनी नाव सांगितलं: पोस्टिरिअर कॉर्टिकल अ‍ॅट्रोफी. अमेरिकी मेंदूतज्ज्ञ फ्रँक बेन्सन यांनी १९८८ मध्ये हे नाव रूढ केलं. बहुतेक वेळा याच्या मुळाशी अल्झायमरच असतो.

"पण यांना विसरायला होत नाही हो," आई म्हणाली.

"अजून नाही," डॉक्टर म्हणाले.

अल्झायमर म्हणजे विसरणं, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की त्याचे बाकीचे चेहरे ओळखू येत नाहीत. पासष्टच्या आधी गाठणारा अल्झायमर पुष्कळदा वेगळ्याच दारातून येतो. कुणाचे शब्द अडतात. माणूस वाक्याच्या मधे थांबतो, "ते... ते आपलं..." करत राहतो, आणि लांब वाक्य परत म्हणता येत नाही, याला लोगोपेनिक प्रकार म्हणतात. कुणाचा हिशेब आणि नियोजन आधी जातं. आणि कुणाची नजर. ब्रिटिश लेखक टेरी प्रॅचेट यांना २००७ मध्ये हाच नजरेचा प्रकार असल्याचं निदान झालं आणि त्यांनी ते जाहीर सांगितलं. पुढे ते मजकूर बोलून सांगत आणि संगणक तो उतरवून घेई, तरी २०१५ मध्ये जाईपर्यंत ते लिहीत राहिले. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्याच्याकडं सांगण्यासारखं होतं. मी काय, दुसऱ्याचं जुळवणारा."

त्या वर्षभरात रात्री जागून मी जे वाचलं त्यातलं पुष्कळ डोक्यावरून गेलं. एक गोष्ट मात्र रुतून बसली. आम्ही सगळे, डॉक्टरसुद्धा, विचारत होतो की बिघाड कुठे आहे. म्हणजे मेंदूच्या कोणत्या खोलीत. आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या प्रतिमा म्हणत होत्या, खोल्यांच्या मधल्या बोळांतही बघा.

मेंदूची वरची साल करडी. पेशींची शरीरं तिथे. तिच्या खाली जवळजवळ अर्धा मेंदू पांढरा आहे. पेशींचे लांब धागे, आणि त्यांच्याभोवती मायलिनचं चरबट वेष्टन. पांढरा रंग त्या चरबीचा. डेन्मार्कच्या संशोधकांनी २००३ मध्ये हिशेब मांडला होता की विशीतल्या पुरुषाच्या मेंदूत अशा वेष्टित धाग्यांची एकूण लांबी सुमारे १,७६,००० किलोमीटर भरते, आणि ऐंशीव्या वर्षी ती साधारण ९७,००० वर येते. म्हणजे पृथ्वीला चार वेढे घेऊन उरणारं सूत, आणि निरोगी माणसातही त्यातलं निम्म्याच्या जवळपास आयुष्यभरात झिजून जातं. हे वाचून मी पहिल्यांदा स्वतःच्या कपाळाला हात लावला, ताप बघतात तसा.

मग या सुताकडे इतकी वर्षं लक्ष का नव्हतं? माझं उत्तर असं की जे रंगतं तेच दिसतं. १९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात अलोइस अल्झायमर यांनी ५१ वर्षांच्या आउगुस्ट डेटरला तपासलं. तिला स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर 'श्रीमती' एवढं लिहून ती पुढचं विसरायची. १९०६ मध्ये ती गेल्यावर तिच्या मेंदूचे काप चांदीच्या क्षारांनी रंगवले गेले, आणि त्या रंगात करड्या सालीतले गुंते आणि गोळे काळेभोर उठून दिसले. तेच पुढे या आजाराचं ओळखपत्र झालं. गंमत म्हणजे पांढऱ्या द्रव्यातलं मायलिन रंगवायची रीत कार्ल वायगर्ट यांनी १८८० च्या दशकातच काढली होती, आणि तेही फ्रँकफुर्टलाच असत. पण गोष्ट करड्याची ठरली, ती शंभर वर्षं तशीच सांगितली गेली. (आउगुस्ट पन्नाशीत आजारी पडली होती, म्हणजे जगातली पहिली अल्झायमर रुग्ण ही आजच्या भाषेत 'लवकर सुरू होणाऱ्या' प्रकारातली. आपण मात्र हा म्हातारपणाचा आजार म्हणून मोकळे होतो.)

जिवंत माणसाचे काप काढता येत नाहीत. तिथे पाणी कामाला आलं. मेंदूतल्या पाण्याचे रेणू सतत इकडेतिकडे भरकटत असतात. एमआरआयच्या एका मोजणीच्या अवधीत, साधारण ५० मिलिसेकंदांत, ते १० मायक्रॉनच्या आसपास सरकतात. मोकळ्या जागेत ते सगळीकडे सारखेच पांगतील. धाग्यांच्या जुडीत मात्र आडवं जायला अडथळे, लांबीच्या दिशेने वाट मोकळी. कोल्हापुरी पावसात कौलांवरचं पाणी पन्हळीनेच उतरतं, तसं. ते ठकठकाट करणारे ग्रेडियंट वेगवेगळ्या दिशांनी लावून कोणत्या दिशेला पाणी जास्त सरकलं हे मोजता येतं. फ्रान्सच्या दनी ल बिआं यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात मेंदूत हे मोजायला सुरुवात केली, आणि १९९४ मध्ये पीटर बासर, जेम्स मॅटिएलो आणि ल बिआं यांनी त्याला नीट गणिताचं रूप दिलं. डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग ते हेच. प्रत्येक बिंदूला एक आकडा मिळतो, शून्य ते एक. पाणी सगळीकडे सारखं पसरत असेल तर शून्याकडे, एकाच दिशेने जात असेल तर एकाकडे. वेष्टन झिजलं, धागे विरले, की आकडा घसरतो आणि पाणी आडवंतिडवं सैरावैरा होतं.

इंटरनेटवर ती रंगीत चित्रं तुम्ही पाहिली असतील. मेंदूतून फुटलेली कारंजी. लाल म्हणजे डावी-उजवीकडे, हिरवं पुढे-मागे, निळं वर-खाली. मी पहिलं चित्र बघितलं तेव्हा मला ते पैठणीच्या पदरासारखं वाटलं आणि मी ते फोनवर ठेवलं. नंतर काढून टाकलं, कारण ते फोटो नव्हतेच हे कळलं. पाण्याच्या हालचालीवरून संगणकाने काढलेला तो अंदाज. एकेक बिंदू दोनेक मिलिमीटरचा, आणि त्यात मावणारे धागे हजारो-लाखो. दोन जुड्या एकमेकींना जिथे ओलांडतात तिथे धागे ठणठणीत असूनही आकडा पडतो. उलट, तिथली एक जुडी मेली तर राहिलेलीमुळे आकडा चक्क वाढतो, आणि आजार सुधारल्यासारखा दिसतो! आमच्या वर्गात सरासरीवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्या मुलांना मी हे उदाहरण देते.

पण ज्या अभ्यासाने मला थांबवलं तो मिलानच्या एका गटाचा, २०१५ चा. त्यांनी तीन प्रकारचे रुग्ण घेतले: लवकर सुरू झालेला अल्झायमर, लोगोपेनिक म्हणजे शब्द अडणारा, आणि अण्णांचा नजरेचा. करड्या सालीचं आटणं ज्याच्या-त्याच्या लक्षणाप्रमाणे ठरावीक जागी. पांढऱ्या द्रव्याची हानी मात्र तिघांतही त्या जागेच्या कितीतरी पलीकडे पसरलेली, आणि तिचा नकाशा तिघांत पुष्कळसा सारखा. दार वेगळं होतं, पण आतले बोळ सगळ्यांचेच खचले होते. "अजून नाही" म्हणणारे डॉक्टर मला तेव्हा आठवले. अण्णांची स्मरणशक्ती शाबूत आहे असं आम्ही एकमेकांना सांगत होतो तेव्हा बहुधा तिच्या वाटाही उखडायला लागल्या होत्या.

आधी काय बिघडतं, पेशी की धागा? ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा तोडून दाखवलं होतं की मुळापासून तुटलेला धागा पुढे विरत जातो. त्या न्यायाने पेशी मेली की तिचं सूत जाणारच. पांढरं द्रव्य फक्त सुतक पाळतंय. पण साल जिथे अजून बरी दिसते तिथेही सूत विरलेलं सापडतं, म्हणून काही जण उलटं म्हणतात. त्यातला मला आवडलेला विचार जॉर्ज बार्ट्झोकिस यांचा. मेंदूत मायलिन एकदम चढत नाही. जन्माच्या आसपास हालचालीच्या, स्पर्शाच्या वाटांवर आधी, आणि विचार-भाषा-नियोजनाच्या वाटांवर सगळ्यात शेवटी, पार चाळिशीपर्यंत. शेवटी चढलेलं ते पातळ, आणि तेच आधी उसवतं. आई म्हणायची, "लहान मूल झालंय यांचं." तिने कुठलाच शोधनिबंध वाचला नव्हता.

हे सगळं वाचून मी डॉक्टरांकडे गेले आणि म्हटलं, अण्णांचं हे डिफ्यूजनचं करून बघू या. ते म्हणाले, करता येईल, पण त्याने मी तुम्हाला काय सांगू? हे अभ्यास गटांचे. वीस-तीस रुग्णांची सरासरी, तितक्याच निरोग्यांची सरासरी, आणि दोन्हींतला फरक. एकट्या माणसाचा आकडा यंत्रागणिक, डोकं किंचित हललं तरी बदलतो. अण्णांचा आकडा घेऊन तो कशाशी ताडायचा? मी गप्प बसले. हेच वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढते.

शिरोरेषेचं सांगायचं राहिलं. खिळ्यांच्या छपाईत शिरोरेषा सलग नसते. प्रत्येक खिळा आपल्या डोक्यावर आपला तुकडा घेऊन येतो. खिळे घट्ट बसले की तुकडे जुळतात आणि डोळ्याला रेघ दिसते. झिजलेल्या टाइपात जुळवलेलं एखादं जुनं पुस्तक भिंगाखाली धरा. अक्षरागणिक बारीक फट असते. अण्णांना त्या फटीचं भारी वावडं. जुने खिळे वितळवायला देऊन नवे घ्यायचे, पैसे नसताना. "अक्षरं असून उपयोग काय," म्हणायचे, "शब्द दिसला पाहिजे." मला माहीत आहे, मेंदूला छापखाना म्हणणं हा माझा सोयीस्कर खेळ आहे, आणि पांढरं द्रव्य काही रेघ नव्हे. पण ज्या माणसाला क क क दिसत होते आणि म दिसत नव्हता त्याच्या मुलीला दुसरी उपमा सुचत नाही.

१८९२ मध्ये पॅरिसच्या ज्यूल देजरीन यांनी एका रुग्णाची हकीकत मांडली होती. त्या गृहस्थांना लिहिता येत होतं, पण वाचता येत नव्हतं, स्वतः लिहिलेलंही नाही. मेंदू उघडल्यावर कळलं की डाव्या बाजूचा मागचा भाग आणि दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या पांढऱ्या पुलाचं मागचं टोक गेलेलं होतं. उजव्या बाजूला दिसत होतं ते डाव्या बाजूच्या भाषेपर्यंत पोचायची वाटच नव्हती. ते गृहस्थ अक्षरावरून बोट फिरवून, त्याचा आकार हाताने गिरवून ते ओळखायचे. नजरेची वाट बंद, हाताची उघडी.

हे वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याची एसटी पकडली. माळ्यावर एका डालड्याच्या डब्यात विकायचे राहून गेलेले पाच-पन्नास खिळे होते. एव्हाना अण्णांना शर्टाची बाही सापडत नव्हती, काळ्या पायपुसण्याला खड्डा समजून ते त्यावर पाय ठेवत नव्हते. मी एक खिळा त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब. "काय आहे गं हे?"

"बघू नका. हाताने सांगा."

अक्षर त्यांना सांगता आलं नाही. मी तशी वाट बघत होते, देजरीनच्या गोष्टीसारखं होईल म्हणून. ठसा इतका बारीक की बोटाला तो कळायचा नाही. पण अंगठा खिळ्याच्या अंगावरून खाली घसरला, कडेला असलेली खाच त्याला लागली, आणि त्या हाताने खिळा गर्रकन फिरवला. खाच बाहेर, अक्षराचं डोकं जसं स्टिकमध्ये हवं तसं. डावा हात आपोआप पोटाजवळ आला, तिथे काहीच नव्हतं, तरी तो स्टिक धरल्यासारखा वाकडा झाला.

"बारा पॉइंट," अण्णा म्हणाले. "पुढचा दे."